चिकपेटच्या गच्चीवरचं शीड

आमच्या दुकानाला एक खरं नाव आहे, पण ते बिलावर आणि बँकेत. बंगळुरातल्या चिकपेटात, म्हणजे इथल्या कापडबाजारात, त्या नावानं विचारलंत तर समोरचा पानवालासुद्धा नकारार्थी मान हलवेल. 'हडगिन अंगडी' म्हणा, म्हणजे जहाजाचं दुकान, की कुणीही हात धरून दारात आणून सोडेल. शटरच्या वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली, भिंतीवर एक शिडाचं गलबत रंगवलेलं होतं. दोन माणसं हात पसरून शेजारी शेजारी उभी राहतील एवढं लांब.

कापडाच्या दुकानावर गलबत कशाला, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. आजोबा बेळगावाकडून येऊन इथं स्थायिक झालेले, समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ते म्हणाले, पूर्वी गिरण्यांच्या ताग्यांवर रंगीत छापील चित्रं चिकटवलेली यायची. कुठल्यावर वाघ, कुठल्यावर देवी, कुठल्यावर आगगाडी. त्यांच्याकडचा सगळ्यांत खपाऊ तागा जहाजाचा होता. ज्यांना वाचता येत नसे ती गिऱ्हाइकं 'जहाजवालं द्या' म्हणत. मग आजोबांनी रंगाऱ्याला लेबल दाखवलं आणि म्हणाले, हेच भिंतीवर काढ.

रंगाऱ्यानं मान डोलावली आणि स्वतःला हवं ते काढलं. लेबलावरचं जहाज परदेशी होतं, तीन डोलकाठ्यांचं, चौकोनी शिडांचं. भिंतीवरच्याला डोलकाठी एकच, आणि तिच्यावर एकच भलंमोठं तिरकं शीड. त्यातून डोलकाठी पुढं झुकलेली. आम्ही भावंडं म्हणायचो, रंगारी ताडी पिऊन आला असणार. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रस्त्यात उभा राहून मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "आता बघ, सरळ दिसतंय."

आता दुकान अण्णा बघतो. तो आणि आई वरच्या मजल्यावर राहतात. मी कोरमंगलाला असते. एका कंपनीत यंत्रांच्या भागांची रेखाटनं करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा तरी ऑटोनं दुकानात जाऊन बसायची सवय लागली. गिऱ्हाईक नसलं की अण्णा आणि मी चहा पितो आणि भांडतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला भिंतीचा गिलावा फुगला आणि एका सकाळी अर्धं शीड खाली फुटपाथवर येऊन पडलं. अण्णानं मला फोटो पाठवला, आणि त्याखाली लिहिलं, "आता लाइटचा बोर्ड लावतो. झकपक." मी संध्याकाळी पोचले तेव्हा आई त्याला गॅलरीतून सुनावत होती. तिनं ऐंशी ओलांडलीय. गुडघ्यांमुळं ती खाली उतरत नाही, पण गॅलरीत खुर्ची टाकून सगळ्या बाजारावर लक्ष ठेवते.

"जहाज काढून टाकलंस तर लोक येतील कुठं?"

"तीच जागा, तेच दुकान, आई."

"जागेला कोण येतंय? लोक चित्राला येतात." मग तिनं मला पाहिलं. "तू गं, आयुष्यभर रेघा ओढल्यास. एक जहाज काढायला येत नाही तुला?"

अण्णा म्हणाला, "हिचं वय आहे का शिडीवर चढायचं?"

"शिडीवर चढल्याबिगर शीड कसं रंगवणार?" आई म्हणाली. हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर भाजीवालीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ते तिनं ऐकवलं. कानडीत त्यातली गंमत राहत नव्हती, पण तिचं हसणं बघून समोरचाही हसायचा.

तेव्हा ठरलं. जुना गिलावा काढण्याआधी मी उरलेल्या चित्रावर पारदर्शक कागद लावून त्याची रेघ न् रेघ उतरवून घेतली. मग तो कागद दुकानातल्या गादीवर पसरून पट्टी आणि काटकोन घेऊन बसले. तिथं माझी नोकरीतली सवय जागी झाली. डोलकाठी झुकलेली होती, ती मी सरळ केली. गलबत पुढं चाललंय आणि वरचं निशाण पुढंच फडकतंय, हेही मला पटेना. मोटारीवरचा झेंडा मागं उडतो. तेही फिरवायचं ठरवलं. पण दोरांपाशी मी अडकले. एक दोर डोलकाठीच्या माथ्यावरून निघून शिडामागं जात होता आणि परत कुठंच बाहेर येत नव्हता. दुसरा शिडाच्या कोपऱ्यातून निघून हवेतच संपत होता. यंत्राच्या रेखाटनात अशी रेघ सोडली असती तर साहेबानं कागद परत पाठवला असता.

त्याच दुपारी एक उंच मुलगा दुकानात आला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, पायात महागडे बूट. अण्णाशी तो हिंदीत बोलत होता. त्याला पांढरं, जरा जाडसर कापड हवं होतं. कोरमंगलाच्या त्याच्या पीजीत, म्हणजे भाड्यानं राहायच्या घरात, सगळे मिळून प्रोजेक्टर लावून भिंतीवर क्रिकेट बघायचे, आणि भिंतीचा रंग पोपटी असल्यानं सगळे खेळाडू काविळीचे दिसत होते. अण्णानं मांजरपाटाचा तागा उलगडला आणि मला हाक मारली, "अगं, कात्री तिकडं आहे का बघ की."

"तुम्ही मराठी?" मुलाचा चेहराच उजळला. तो वळला, आणि त्याची नजर माझ्या कागदावर पडली.

"अरे देवा! ह्यां तर आमचां गलबत!"

मग तो ओशाळला आणि परत शहरी मराठीत आला. "सॉरी हं मॅडम, एकदम तोंडातून गेलं. मी वेंगुर्ल्याचा. माझ्या आईचे वडील तांडेल होते, गलबत घेऊन पार कालिकतपर्यंत जायचे. सेम टू सेम असंच होतं. फक्त तुम्ही डोलकाठी सरळ का केलीत?"

"वाकडी होती म्हणून."

"वाकडी नाही हो! ती तशीच असते, पुढं झुकलेली. आमच्याकडची जुनी सगळी तशीच."

मी चष्मा काढला. अण्णानं कात्री खाली ठेवली. आम्ही तिघं बाहेर रस्त्यावर गेलो, हातगाड्यांमधून वाट काढत समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो आणि भिंतीवर उरलेलं अर्धं गलबत बघू लागलो. मुलानं कपाळावर हात आडवा धरला होता.

"हे ज्यानं काढलंय ना, त्यानं समुद्रावर दिवस काढलेत," तो म्हणाला. "निशाण बघा. बरोबर पुढं उडतंय."

"ते कसं काय बरोबर?" मी विचारलं.

"मोटार वाऱ्याला कापत जाते, म्हणून झेंडा मागं. गलबताला वाराच ढकलतो. तो मागून येतोय, तर निशाण पुढंच जाणार ना?"

अण्णानं एकदा निशाणाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग तो एवढ्या मोठ्यानं हसला की पानवाला बाहेर डोकावला. "म्हणजे रंगारी शुद्धीत होता! साठ वर्षं आपण त्या बिचाऱ्याला ताडी पाजतोय!"

मला पण हसू आवरेना. वर गॅलरीतून आई "काय झालं, काय झालं" म्हणून विचारत होती. मी मात्र दोर सोडायला तयार नव्हते. मुलाला म्हटलं, "ते सगळं खरं. पण हा दोर शिडामागं जातो आणि बाहेर का येत नाही?"

त्यानं डोकं खाजवलं. "ते मात्र मला नाही आठवत. आजोबांचं गलबत मी पाहिलं ते वाळूवर पडलेलं, आत कोंबड्या बसायच्या. मामाच्या छोट्या होडीला शीड आहे अजून. पण त्यात माझं काम पाणी उपसायचं. मी खालीच बघत असायचो." आणि त्यानं खिशातून फोन काढला. "थांबा, मामालाच विचारू."

पडद्यावर एक बनियनवाले गृहस्थ आले, मागं नारळीची झाडं. "काय रे मेल्या, आज कामाक नाय?"

मी कागद फोनसमोर धरला. मामांनी डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहिलं. मुलानं फोन भिंतीकडं वळवला, तेही त्यांनी पाहिलं.

"ह्यां खंय असा?"

"बंगळुरात, मामा."

"बंगळुराक समुद्र कधी इलो?"

मग त्यांनी मनापासून समजावायला सुरुवात केली. गळ्यातला पंचा काढला, एक कोपरा दातात धरला, दुसरा पायाच्या अंगठ्यात अडकवला, आणि दातातला पंचा न सोडता बोलू लागले. आम्हाला एक अक्षर कळेना. फोन हलत होता, रस्त्यावर हॉर्न वाजत होते. शेवटी त्यांनी पंचा सोडला.

"अगो बाय, शीड कागदार समजत नाय. त्येका वारो लागता."

यावर वरून आईचा आवाज आला. ती कठड्यावरून वाकून सगळं ऐकत होती. "वारा नाही म्हणून कोण म्हणतंय? वर गच्चीवर या की! चार दिवस झाले, एक कपडा दोरीवर टिकत नाही!"

आषाढ लागलेला होता. बंगळुरात त्या दिवसांत पावसापेक्षा वाराच जास्त. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, "कापड तर तुमच्याकडं आहेच."

मला वाटलं अण्णा आता हात झटकेल आणि लाइटच्या बोर्डाची आठवण करून देईल. पण मामा तिकडून म्हणाले की शिडाला एक अखंड कापड चालत नाही. पट्टे जोडून शिवावं लागतं, नाहीतर ताणून ताणून ते झोळीसारखं होतं. हे ऐकल्याबरोबर अण्णाच्या अंगातला कापडवाला ताठ झाला. त्यानं मुलाच्या हातातून फोनच घेतला. पट्टा किती रुंद? उभा धागा कुठल्या बाजूला? शिवण एकेरी की दुहेरी? भिजल्यावर कापड आटतं का सैल पडतं? मामा मालवणीत, अण्णा आमच्या कानडी वळणाच्या मराठीत, मध्येच दोघंही हिंदीत. मुलगा बाजूला उभा राहून नुसता चहा पीत होता. अण्णाला एवढं बोलताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. वहिनी गेल्यापासून तो गिऱ्हाइकाला भाव सांगायचा, मला टोचून बोलायचा, आणि बाकी गप्पच असायचा.

पुढचे काही दिवस दुकान बंद झालं की तो मशीनवर बसायचा. आमच्याकडं काठ शिवून द्यायला एक जुनं पायाचं मशीन आहे. आई खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि पट्टे सरळ धरायची. एकदा मी गेले तेव्हा दोघंही पांढऱ्या कापडाच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेले होते आणि शिवण उसवायची की नाही यावर वाद चालला होता. आई म्हणत होती, "मला दोष दिसतोय म्हणजे वाऱ्यालापण दिसणार." शिवण उसवली गेली.

रविवारी बाजार बंद असतो. गल्लीत हातगाड्या नसतात, कबुतरं रस्त्याच्या मधोमध चालतात. सकाळी मुलगा पीजीतल्या एका मित्राला घेऊन आला. आम्ही दोन बांबू आणून ठेवले होते. जाड बांबू म्हणजे डोलकाठी. ती आम्ही पाण्याच्या टाकीच्या लोखंडी घोड्याला बांधली, आणि मुलानं आग्रहानं ती पुढं झुकवली. लांब, बारीक बांबूवर शिडाचा तिरका काठ बांधायचा होता. त्या तिरक्या काठीला मामा परमाण म्हणत होते. परमाणाचं खालचं टोक आम्ही पुढच्या कठड्याला बांधलं. शिडाच्या मागच्या कोपऱ्याला एक दोर, तो अण्णाच्या हातात. आईला आम्ही खुर्चीसकट उचलून गच्चीवर आणलं होतं. तिनं कानाला मफलर गुंडाळला होता आणि मामांचा फोन तिच्याच हातात होता.

आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक येऊन उभे राहिले होते. पलीकडचा भांडीवाला दात घासत घासत आला आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत राहिला. "येनु अण्णा, काय हे, मांडव आहे का? लग्न कुणाचं?" त्यानं विचारलं.

"हडगु!" आई ओरडून म्हणाली. "जहाज!"

भांडीवाला ब्रश तोंडातच ठेवून कठड्याला रेलला.

मुलानं आणि त्याच्या मित्रानं दोर ओढून परमाण वर चढवलं. शीड उलगडलं आणि वेड्यासारखं फडफडायला लागलं. तो आवाज मला अजून आठवतो. फटाक्यांची माळ लावल्यासारखा. कबुतरं उडाली. कापड अंगावर आपटत होतं, अण्णाचा चष्मा उडाला, मी वही छातीशी धरून टाकीमागं दडले. मला वाटलं झालं, हे आता फाटणार.

आईच्या हातातला फोन ओरडत होता. "दोर ढिलो सोडू नको! फडफडता म्हंजे भरूक नाय! ओढ! ओढ मेल्या!"

"अण्णा, ओढ म्हणतायत!" आई किंचाळली.

अण्णानं दोर हाताला वेटोळला, पाय रोवले आणि अंग मागं टाकून ओढलं.

आणि फडफड एकदम थांबली. मी तयारी केली होती ती आणखी मोठ्या आवाजाची. पण शीड भरलं आणि गच्ची शांत झाली. पांढरं कापड गोल, घट्ट, गरोदर बाईच्या पोटासारखं पुढं आलं. सकाळचं ऊन त्याच्यातून झिरपून पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं. बांबू करकरत होता, दोर ताठ झाला होता, बाकी काही नाही. 

मग अण्णा सरकायला लागला. त्याच्या रबरी चपला गच्चीवर कर्र कर्र करत हळूहळू पुढं निघाल्या. "अरे, हे ओढतंय मला!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात घाबरणं आणि आनंद असे दोन्ही होते. "अगं, हे खरंच ओढतंय!" मुलानं धावत जाऊन त्याची कंबर धरली, मित्रानं मुलाची. तिघं मिळून सरकत होते आणि हसत होते. भांडीवाला आपल्या गच्चीवरून टाळ्या वाजवत होता.

"सोडू नको! सोडू नको!" आई खुर्चीत अर्धी उठली होती. गुडघ्यांचं तिला भानच नव्हतं.

मी टाकीमागून बाहेर आले आणि वहीत चित्रं काढत सुटले. सगळं दिसत होतं. शीड डोलकाठीच्या कुठल्या अंगाला असतं, फुगवटा कुठं सुरू होतो, त्याची सावली कुठं गडद होते. आणि तो दोर! ज्यानं परमाण वर चढवलं तोच दोर डोलकाठीच्या माथ्यावरून शिडामागं उतरून मागच्या बाजूला खाली बांधला होता. वर चढवायचं कामही त्याचं, आणि झुकलेल्या डोलकाठीला मागून धरून ठेवायचं कामही त्याचंच. रंगाऱ्यानं दोर शिडामागं नेला तो बरोबर नेला होता. नंतर तो बाहेर काढायला बहुतेक विसरला, किंवा जेवणाची वेळ झाली. आणि हवेतच संपणारा तो दुसरा दोर आता अण्णाच्या हातात होता; चित्रात तो धरणारा माणूसच काढलेला नव्हता. आईनं मफलर सोडून मित्राकडं दिला, त्यानं तो डोलकाठीला बांधला. निशाण पुढं उडालं, शिडाच्याच दिशेनं, नदीतल्या शेवाळासारखं लांब.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग वाऱ्याचा एक मोठा झोत आला, बांबूची गाठ सुटली, आणि परमाण अगदी सावकाश, एखादी म्हैस बसावी तसं, आमच्यावर खाली बसलं. आम्ही सगळे मांजरपाटाखाली गेलो. आत पांढरा उजेड होता आणि नव्या कापडाच्या खळीचा वास. मला कुणाचा तरी कोपर लागला. कुणीतरी हसत होतं, मग सगळेच. फोनमधून मामा विचारत होते, "काय झाला? बुडलात काय?" आणि आई कापडाखालूनच त्यांना सांगत होती, "नाही हो, बुडलो नाही, पण मज्जा आली!"

ते शीड मुलगा पीजीत घेऊन गेला. पुढचे सगळे सामने त्यांनी त्याच्यावर पाहिले. तिरका पडदा असल्यानं वरच्या कोपऱ्यातला धावफलक मावायचा नाही, तेव्हा धावा कुणाला तरी भिंतीवरून वाचून दाखवाव्या लागायच्या.

पाऊस उघडल्यावर नवा गिलावा झाला आणि मी शिडीवर चढले. चिकपेटात रस्त्यावर चित्र काढायचं म्हणजे शंभर परीक्षकांसमोर परीक्षा. ओझं घेऊन जाणारा हमाल ओझ्यासकट थांबून म्हणायचा, "चन्नागिदे अक्का, छान आहे, पण निळा स्वल्प कमी." फुलवालीला लाटांना पांढरी कड हवी होती. देवनहळ्ळीहून लग्नाच्या साड्या घ्यायला आलेल्या एका कुटुंबानं तर अर्धा तास खरेदी बाजूला ठेवून मला सांगितलं की समुद्रात मासे दिसले पाहिजेत, नाहीतर पाणी आहे हे कळणार कसं. मी दोन मासे काढले. नवरीमुलीनं खाली उभं राहून त्यांची शेपटी कुठं वळवायची तेही सांगितलं.

अण्णा दिवसातून दहादा बाहेर यायचा. आधी म्हणाला, गलबत रिकामं दिसतंय, माणसं काढ. मी माणसं काढली. मग म्हणाला, "तो दोर धरलेला आहे ना, त्याला चष्मा दे."

"खलाशाला चष्मा?"

"मला दोर धरता आला की नाही?"

चष्मा दिला. वरून आई म्हणाली, "आणि मी?" तिला मी गलबताच्या मागच्या टोकाला खुर्चीत बसवलं, मफलरासकट. पुढं, अगदी नाळेवर, कपाळावर हात आडवा धरून उभा असलेला तो उंच मुलगा. दिवाळीला त्यानं त्या चित्राचा फोटो गावी पाठवला आणि मामांचा लगेच फोन आला. त्यांनी चित्राला नावं ठेवली नाहीत, स्तुतीही केली नाही. आईला फोन द्या म्हणाले.

"आजये, तुम्ही समुद्र बघल्यात काय कधी?"

"नाही हो. चित्रातच."

"मग येवा. तुमका माझ्या होडयेत बसयतंय."

थंडीत आम्ही गेलो. अण्णानं दुकान चक्क बंद ठेवलं आणि शटरवर कागद चिकटवला, 'जहाज समुद्रावर गेलं आहे.' कानडीत आणि मराठीत. वाटेत बेळगावला मुक्काम केला, आईला मावसबहिणीकडचा आमटी-भात खायचा होता म्हणून.

वेंगुर्ल्याला वाळूत खुर्ची रुतते. मामा आणि मुलगा आईला दोन्ही बाजूंनी धरून पाण्यापर्यंत घेऊन गेले. ती उभी राहिली. तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग समोर. लाट आली आणि तिच्या घोट्यांना लागून परत गेली. दूर कुणाची तरी एक होडी होती, नखाएवढी.

"केवढं पाणी," ती म्हणाली.  मग माझ्याकडं वळली. "आणि जहाज एवढंसं! तू सगळं उलटं काढलंस गं. जहाज हे एवढं मोठं आणि समुद्र खाली चार बोटांचा!"

"मग आता काय करू, आई?"

"राहू दे. जवळून बघितलं तर तसंच दिसत असेल."

मामांनी होडी पाण्यात लोटली. आईला मधल्या फळीवर बसवलं, मी तिला धरून बसले. मुलानं आपणहून पाणी उपसायचं डबडं उचललं. मामांनी परमाण चढवलं, शीड थोडं फडफडलं, आणि मग त्यांनी दोराचं टोक अण्णापुढं धरलं. अण्णानं चष्मा काढून खिशात ठेवला, बटण लावलं, आणि दोर घेतला. या वेळी तो सरकला नाही. सरकली ती होडी. किनारा आवाज न करता मागं जायला लागला, आणि आई बाजूनं हात सोडून बोटं पाण्यात बुडवत मामांना विचारू लागली, कालिकत इथून कुठल्या अंगाला आलं, आणि वारा असाच राहिला तर किती लांब जाता येईल.